चौदाव्या प्रकरणाचे सर

आमच्या सरांना दोन जिभा होत्या. एक त्यांच्या गावची, गडमुडशिंगीची, आणि दुसरी पुस्तकातली. शाळेच्या फाटकाला सायकल टेकवताना ते शिपायाला म्हणत, "काय गा, घंटा दिलीस का न्हाई अजून?" आणि पाचच मिनिटांनी वर्गात पुस्तक उघडलं, की तेच तोंड असं काही स्वच्छ, संथ मराठी वाचू लागे, की नवीन आलेली मुलगी मागं वळून बघायची, वाचणारा दुसरा कुणी आहे की काय. पान संपलं, पुस्तक मिटलं, की लगेच, "आता सांगा बघू पोरींनो, ह्या बाईचं काय चुकलं?"

मला त्या बाहेरच्या सरांचं फार हसू यायचं. मधल्या सुट्टीत मी त्यांची नक्कल करत असे आणि मुली पोट धरून हसत. आमच्या वर्गातली विदुषी मीच, असं माझं ठाम मत होतं. ते माझं एकटीचंच मत होतं ही गोष्ट निराळी. वेण्यांना रिबिनी, कपाळावर चंद्रकोर, शब्दकोशातून वेचून आणलेले शब्द. आज ती मुलगी माझ्यासमोर आली, तर मी तिला दोन धपाटे घालीन आणि मग लाडू देईन. धपाटे जरा जोरातच.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमची मुलींची शाळा होती. मराठी शिकवायला एक पुरुष येणार म्हटल्यावर आयांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. पण सरांना पाहिलं आणि आठ्या गेल्या. धोतर, काळा कोट, पिंडऱ्यांवर सायकलीचा चिखल. जैन शेतकऱ्याच्या घरातले, घराण्यातले पहिले बी.ए. शाळेच्या नळाला त्यांनी चौपदरी फडकं बांधलं होतं. त्यातून गाळल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. माझ्या नकलेत ते फडकंही असायचं, माझ्या रुमालाचं.

सरांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. पुस्तकातली माणसं त्यांच्या लेखी शेजारपाजारची असायची. "ही बाई आपल्या उचगावात वेशीजवळ ऱ्हाती असं समजा. दारात आली, पाणी मागितलं. देणार का?" पहिला हात अर्थातच माझा. "मी तर तिला पाटावर बसवून चांदीच्या पेल्यातून पाणी देईन," असं काहीतरी मी ठणकावून सांगे. सर मान हलवत. "पेला कुणाचा? आईचा न्हवं? मग आईला इच्यारून सांग उद्या." मी घरी विचारलं. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "तुझ्या त्या पुस्तकातल्या बाईला सांग, पुस्तकातच राहा म्हणावं." दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं, तेव्हा सर हसले नाहीत. "आई खरं बोलली," एवढंच म्हणाले. "तू कालच्याला खोटं बोललीस."

ती कादंबरी त्यांनी आमच्या मॅट्रिकच्या आदल्या वर्षी काढली. अभ्यासक्रमात नव्हती, जादा वाचन म्हणून. आमच्या आज्यांच्या तरुणपणची ती कादंबरी. तिच्याविरुद्ध त्या वेळी सभा भरल्या होत्या म्हणे. गोदा नावाची एक तरुण विधवा, तिला दिवस जातात, आणि ती विहिरीचा रस्ता धरत नाही. घरातच राहते, जगते. गोष्ट एवढीच. पण एवढीच गोष्ट पन्नास वर्षं कुणाला पचली नव्हती.

आमच्या मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. त्या म्हणाल्या, "मी काही ती वाचलेली नाही. पण ऐकून आहे. बाकीचं शिकवा हवं तर. चौदावं प्रकरण नको."

सर म्हणाले, "बाई, लुगड्याचा मधला हातभर तुकडा कापून टाकल्यावर त्याला लुगडं म्हणायचं व्हय?"

घासाघीस झाली. शेवटी ठरलं, की चौदावं प्रकरण वर्गात मोठ्यानं वाचायचं नाही. मुलींनी आपापलं डोळ्यांनी वाचलं, तर मोठ्या बाईंना ते दिसणार नाही.

आता अडचण अशी, की छापील प्रत एकच होती, सरांची. पिवळी पडलेली, कोपरे उंदरानं खाल्लेले. बाजारात कादंबरी मिळत नव्हती. त्यावर सरांनी तोड काढली. प्रकरणं एकोणीस, आम्ही मुली एकवीस. एकेकीनं एकेक प्रकरण उतरायचं. उरलेल्या दोघींनी पानं शिवून पुठ्ठा घालायचा. पुस्तक शाळेबाहेर जाणार नाही. शाळा सुटल्यावर सरांच्या टेबलाशी बसून कच्चं उतरायचं, घरी जाऊन टाकानं ठाकठीक अक्षरात पक्कं करायचं. "वाचल्यालं इसरतं," ते म्हणायचे, "हातानं लिवल्यालं हाताला ऱ्हातंय." पक्की पानं आली, की सर छापील प्रतीशी ताडून बघत. एक अनुस्वार राहिला, तर पान परत. माझी मैत्रीण इंदू हिला तिसरं प्रकरण तीनदा लिहावं लागलं, ती रडली, तेव्हा म्हणाले, "दुसऱ्याचं घर सारवायला घेतलं तर कोपरा सोडून चालतंय व्हय? आन् आपली खिडकी बी पाडायची न्हाई त्यात."

चौदावं त्यांनी मला दिलं. "तुझं अक्षर चांगलं. आन् डोकं बी ठिकाणावर हाय असं वाटतंय."

मी उत्सुकतेनं फुटायच्या बेताला आले होते. अख्ख्या गावानं ज्याला हात लावायचा नाही ते प्रकरण माझ्या हातात! टेबलाशी बसले, धडधडत्या छातीनं वाचू लागले, आणि काय निघालं? गोदाला डोहाळे लागतात. तिला कच्ची चिंच खावीशी वाटते. विधवेचे डोहाळे कोण पुरवणार? ती कुणाला काही बोलत नाही, नुसती परसातल्या झाडाकडे बघत बसते. पानंच्या पानं ती बघत बसते. शेवटी तिची सासू, आठ दिवस तिच्याशी न बोललेली, येते, तिच्या ओंजळीत चिंचा ठेवते आणि काही न बोलता आत निघून जाते. प्रकरण संपलं.

ज्यानं ते वाचून सभा भरवली असेल, त्याला नेमकं काय बोचलं ते आज मला कळतं. पापाला शिक्षा झाली नाही, आणि घरातल्या वडील माणसानंच ती होऊ दिली नाही. पण पंधराव्या वर्षी मला भयंकर फसवल्यासारखं वाटलं. चिंच? चिंच तर आमच्या शाळेबाहेर टोपलीत मिळत होती.

आणि मग घरी पक्की प्रत करताना मी जे केलं, ते आजवर फार थोड्या जणांना सांगितलं आहे. मी चौदावं प्रकरण सुधारलं. सासू आत गेल्यावर मी परसात चंद्र उगववला. झाडामागून गोदाचा प्रियकर काढला. मूळ पुस्तकात तो सहाव्या प्रकरणातच गाव सोडून गेला होता, पण मी त्याला परत बोलावलं. त्यानं तिला बाहुपाशात घेतलं आणि आपले अधर तिच्या अधरांवर... पुढं मी सात टिंबं दिली. पुढं काय होतं ते मला ठाऊकच नव्हतं. अधर हा शब्द तरी मी कुठून आणला देव जाणे. आमच्या घरी ओठ फक्त फुटायचे, तेही थंडीत, आणि त्यावर लोणी लावायचं असे.

मला वाटलं, सर ताडून बघतील, चिडतील, पण मनातून म्हणतील, पोरगी लिहिते हो! मी दुसऱ्या दिवशी पानं त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी वरचं पान बघितलं, अक्षरावरून बोट फिरवलं आणि गठ्ठा बाजूला ठेवून दिला. "तुझं तपासायची गरज न्हाई."

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी काय केलं? फुगले. वर्गात एकटी माझी पानं न तपासता घेतली म्हणून दोन दिवस जमिनीवर पाय नव्हते माझे.

पानं शिवली गेली. इंदूनं पुठ्ठ्यावर वेलबुट्टी काढली. मग ते पुस्तक घरोघर फिरू लागलं; प्रत्येकीकडे चार दिवस. मुली माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत आणि मला वाटे, काय हा आपला प्रभाव! सातव्या की आठव्या घरी ते इंदूच्या काकांच्या हाती लागलं. काका आमच्या शाळेच्या कमिटीवर होते.

चित्रकलेच्या वर्गात कमिटी बसली. पाच जण, शिवाय मोठ्या बाई. पाचांपैकी चौघांनी ती कादंबरी वाचलेली नव्हती. पाचव्या वयोवृद्ध गृहस्थांनी तरुणपणी वाचली असावी असा माझा संशय आहे, कारण ते सारा वेळ खिडकीबाहेर बघत होते. पण वाचली आहे असं कबूल करायची ती वेळ नव्हती. मला बोलावलं, कारण अक्षर माझं. माझे वडील कोर्टात कारकून. ते बाहेर बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. सर टेबलापुढं उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं.

काकांनी उतारा वाचून दाखवला. कमिटीला शब्दांपेक्षा टिंबांचा राग जास्त आला. "ह्या टिंबांत काय आहे, सांगा!" काका ओरडले. शब्द वाचून संपतात तरी. टिंबांत ज्यानं त्यानं आपापलं घातलं होतं.

"मुली, हे तू लिहिलंस?" अध्यक्षांनी विचारलं.

माझ्या तोंडातून आवाज निघायच्या आत सर बोलले. "अक्षर तिचं हाय, मजकूर तिचा न्हाई. म्या पुस्तक पुढ्यात ठेवलं, तिनं उतरलं. हमालानं पोतं उचललं, म्हणून आत काय हाय ते त्याला इच्यारतासा व्हय?"

"मग हे पुस्तकात असंच आहे?"

"बघू," सर म्हणाले आणि त्यांनी ते शिवलेलं पुस्तक हातात घेतलं.

माझं चौदावं प्रकरण ते त्या वेळी पहिल्यांदा वाचत होते. ती कादंबरी त्यांना पाठ होती. वाचताना त्यांचे ओठ हलायचे, तसे ते हलत होते; एका जागी थांबले. त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. मग मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं. रागानं बघितलं असतं, तर मी आज हे इतकं लिहिलं नसतं. एखाद्याच्या घरी निरोप घेऊन जावं आणि दारातच कळावं की तो माणूस गेला, तसे ते बघत होते.

मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले.

"हाय," सर म्हणाले. "पुस्तकातलंच हाय."

"छापील प्रत आणा."

"आणनार न्हाई."

"का?"

"माझी हाय म्हणून."

ती प्रत आणली असती, तर दोन मिनिटांत सगळं उलगडलं असतं. सर सुटले असते, पुस्तक सुटलं असतं. मी सापडले असते. अनुस्वारासाठी पान परत करणारा तो माणूस माझी सात टिंबं त्या लेखकाच्या नावावर लावून मोकळा झाला. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या घशापर्यंत आलंही होतं. अध्यक्ष म्हणाले, "मुली, तू जा," आणि मी गेले. धावतच गेले.

घरी येताना वडील म्हणाले, "थोडक्यात वाचलीस. नाव आलं असतं, तर पंचगंगेच्या पलीकडेसुद्धा स्थळ मिळालं नसतं तुला."

सरांकडून राजीनामा लिहून घेतला. आम्ही वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघत होतो. त्यांनी नळाचं फडकं सोडलं, पिळलं, सायकलच्या दांडीला बांधलं आणि शिपायाला म्हणाले, "चलतो गा." ते शिवलेलं पुस्तक मोठ्या बाईंच्या घरच्या बंबात गेलं असं कळलं. गावात मात्र त्या कादंबरीची चौकशी वाढली. महाद्वार रोडवरच्या एका दुकानदारानं इंदूच्या दादाला सांगितलं, की रोज दोघं-तिघं तरी येऊन हळूच विचारतात. जो तो टिंबांबद्दल बोलत होता. सासूबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही, कारण सासू कुणाला माहीतच नव्हती.

मॅट्रिक झाले, लग्न ठरलं, आणि मग मला सदसद्विवेकबुद्धी नावाचा अवयव फुटला. इंदूला बरोबर घेतलं. उचगावापर्यंत मोटारीनं, पुढं गडमुडशिंगीपर्यंत चालत. सर उसाला पाणी पाजत होते, गुडघ्यापर्यंत चिखलात. पुस्तकाबाहेरचेच सर, पुस्तकातले कुठं दिसेनात.

इंदूला बांधावर बसवून मी पाठ करून आणलेलं सगळं भाषण म्हटलं. त्यात 'प्रायश्चित्त' हा शब्द तीनदा होता. सरांनी खोऱ्यानं सरीच्या तोंडाचं बारं मोडलं, पाणी दुसऱ्या सरीत वळवलं आणि मग विचारलं, "लगीन कवा हाय?"

"फाल्गुनात."

"मग गप ऱ्हा."

"पण सर, पुस्तकाचं नाव खराब झालं. माझ्यामुळं."

"झालं. पर पुस्तकाला कुठं सासरी जायाचं असतंय?"

मी रडायला लागले. त्यांनी खोरं बांधाला टेकवलं आणि म्हणाले, "टिंबं लई घातलीस बघ. तीन पुरतात." त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. "एकच बोचतंय. त्या म्हातारीनं आठ दीस मनाशी भांडून त्या चिंचा दिल्या हुत्या. तू लगीच चंद्र काढलास. तिच्याकडं कुनी बघितलंच न्हाई."

परतीच्या वाटेवर मला एकदम हलकं वाटलं. आपण सांगितलं, त्यांनी नको म्हटलं, सुटलो. भूक लागली. उचगावच्या बाजारात आम्ही भजी खाल्ली. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट कोणती असं नातवंडं विचारतात, तेव्हा मी न्हाणीघरात घसरल्याचा किस्सा सांगते. खरी गोष्ट ती भजी आहेत. छान झाली होती, अजून आठवतात.

पुढं संसार, मुलं, पुण्याचं बिऱ्हाड. सर परत कुठल्या शाळेत लागले नाहीत. असलं कारण नोंदवून ज्याचा राजीनामा घेतला, तो शिक्षक कोण ठेवणार? इंदूची पत्रं यायची. एका पत्रात सात-आठ वर्षांनी शेवटची ओळ होती, की सर गेले, तापाचं निमित्त झालं. मी नवऱ्याला सांगितलं, माहेरी जाऊन येते, आणि गडमुडशिंगीला गेले.

घर शोधावं लागलं नाही. सरांची बायको ओसरीवर हरभरे निवडत होती. तिनं मला पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. शिकलेली, शहरातली बाई बघून सुपाखालचा पाट तिनं माझ्याकडे सरकवला. "कुनीकडनं आलासा?"

"पुण्याहून. मी सरांची विद्यार्थिनी."

"लई पोरी आल्या न्हाईत," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. मग हरभऱ्यातून हात फिरवत म्हणाली, "त्या पुस्तकाच्या वर्सातल्या का?"

मी हो म्हटलं. आणि ह्या वेळी भाषण न करता सांगितलं. तो उतारा पुस्तकातला नव्हता, माझा होता. सरांना ठाऊक होतं. ती प्रत त्यांनी दाखवली असती, तर नोकरी राहिली असती.

तिचे हात थांबले.

"एक पोरगी हाय, एवढं म्हाईत हुतं," ती म्हणाली. "नाव न्हाई सांगितलं कधी. म्या लई येळा इच्यारलं. भांडून इच्यारलं. म्हनायचे, पोरगी हाय, चुकली. नाव घिऊन तू काय करनार? तापात असताना बी इच्यारलं. न्हाई सांगितलं." तिनं एक खडा शोधून अंगणात फेकला. "मग म्या बिननावाच्याच शिव्या दिल्या. थोडक्या न्हाईत, बाई. भाकरी थापताना दिल्या, शेन काढताना दिल्या. थोरल्याची शाळा सोडवून त्याला उसाच्या गाडीवर घातला, त्या दिशी तर दीसभर देत हुते. ते ऐकायचे आन् उठून रानात जायचे."

माझ्या हातात पुण्याहून आणलेली पेढ्यांची पुडी होती. ती कुठं ठेवावी ते मला कळेना.

"शकुंतला," मी म्हणाले. "माहेरची निगवेकर."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. बांगड्यांपासून चपलांपर्यंत. मग सूप उचललं, कडेला ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"बसा. च्या टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

आतून चुलीवर फुंकणी मारल्याचा आवाज येऊ लागला. मध्येच तो थांबला. "शकुंतला," ती स्वतःशी म्हणाली, हळू, सवयीचं नसलेलं नाव जिभेवर बसवून बघावं तसं. पुढच्या शब्दासाठी मी कान देऊन बसले. आतून कपबश्यांचा आवाज येत राहिला.